ताठ बसूनही मान का दुखते?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचकांच्या सोयीसाठी तो आधी थोडक्यात सांगते. तुमचे वय ४४ असून सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या पेढीवर तुम्ही सतरा वर्षे दिवाणजी आहात. पूर्वी रोजकीर्द आणि खतावणी हाताने लिहीत होता, आता बिले, जीएसटी आणि हिशोबपट्ट्या सगळे संगणकावर असते. मिरजेहून दुचाकीने ये-जा करता. गेले सात-आठ महिने दुपारी चारच्या सुमारास मानेच्या मुळाशी आणि दोन्ही खवाट्यांच्या मधोमध दुखू लागते, संध्याकाळी डोके जड होते. एक्स-रेमध्ये ‘मणक्यांतील अंतर थोडे कमी’ असे आले. त्यानंतर तुम्ही खांदे मागे ओढणारा पट्टा मागवलात, एका व्हिडिओत पाहून मॉनिटर दोन बॉक्स फाइलींवर चढवलात आणि तीन महिने दिवसभर स्वतःला ‘ताठ बस’ असे बजावत आहात. दुखणे कमी होण्याऐवजी वाढले. म्हणून तुम्ही विचारता की बसण्याची बरोबर पद्धत कोणती आणि ती कायमची अंगवळणी कशी पाडायची. जाता जाता दोन गोष्टी लिहिल्या आहेत: यंदा बायफोकल चष्मा लागला आणि ‘झोपेत दात खाता’ अशी घरच्यांची तक्रार आहे. माझ्या दृष्टीने प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग या जाता जाता लिहिलेल्या ओळींत आहे.

मी सांगलीत चोवीस वर्षे फिजिओथेरपी करते. तुमची खरी अडचण, मला दिसते ती, वेगळी आहे. कसे बसावे हे तुम्हाला माहीत नाही, असे नाही. बसलेले असताना, बिल करताना, फोन घेताना तुम्ही नकळत पुष्कळ जादा काम करत आहात आणि त्या जादा कामावर ‘ताठ बसणे’ हे आणखी एक काम तुम्ही चढवले आहे. आधीच भरलेल्या पोत्यावर दुसरे पोते ठेवल्यासारखे ते झाले आहे.

पुढे जाण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट करते. मी तुम्हाला तपासलेले नाही. हातात मुंग्या येणे, बोटांची पकड ढिली पडणे, शर्टाची बटणे लावताना अडखळणे, चालताना तोल जाणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा कमी होणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, किंवा कारणाशिवाय वजन घटणे यांपैकी काही असेल तर पुढचे वाचत बसू नका, आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. चालताना किंवा जिना चढताना छातीपासून खांद्यात, हातात वा जबड्यात कळ येत असेल, तर ती मानेची समजून शेकत बसू नये, लगेच हृदयाची तपासणी करावी. एक्स-रेबद्दल एवढेच सांगते की चाळिशीनंतर ज्यांची मान अजिबात दुखत नाही अशा अनेकांच्या एक्स-रेतही असे बदल दिसतात. त्यामुळे त्या एका ओळीने घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि केवळ तिच्यावरून तुमच्या दुखण्याचा उलगडाही होत नाही.

आता दुपारी चारच का, ते पाहू. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. ते तोलून धरण्यासाठी मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंना फार मोठी ताकद लावावी लागत नाही. पण लावलेली थोडीशी ताकद त्यांना सोडता आली नाही तर ते थकतात. स्नायू सगळाच्या सगळा एकदम काम करत नाही. थोडे बळ हवे असले की त्यातले काही ठरावीक लहान तंतू सर्वांत आधी कामाला लागतात आणि स्नायू पूर्ण सैल होईपर्यंत तेच राबत राहतात. घरात सर्वांत आधी उठणारी आणि सर्वांत शेवटी अंथरुणाला पाठ टेकणारी सून असते, तशी त्यांची अवस्था असते. स्वीडनमधील संशोधक हॅग यांनी १९९१ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा तिला परीकथेतल्या सिंड्रेलाचे नाव मिळाले. अजून ती उपपत्तीच मानली जाते, पण माझ्यासमोर रोज येणाऱ्या मानांशी ती बरीच जुळते. ओझे उचलणाऱ्या हमालापेक्षा माउस धरणाऱ्या दिवाणजीची मान अनेकदा अधिक कुरकुरते, कारण हमाल पोते टाकतो तेव्हा त्याचा स्नायू खरोखर सुटतो. दिवाणजीने मात्र सकाळी दहाला उचललेले खांदे दुपारी चारपर्यंत खाली आलेलेच नसतात.

म्हणूनच एकच एक बरोबर बैठक असते, यावर माझा विश्वास नाही. मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणारे कारागीर जमिनीवर बसून, भोपळ्यावर वाकून वर्षानुवर्षे काम करतात. पुस्तकातल्या चित्राप्रमाणे त्यांची बैठक चुकीचीच ठरेल. तरी माझ्याकडे आलेल्या अशा एका वयस्कर कारागिराची मान उत्तम होती, तक्रार गुडघ्याची होती. वाद्य फिरवणे, उठून खुंटी पाहणे, तार छेडून मान तिरकी करून ऐकणे, असा त्यांचा देह सतत हलत होता. उलट तासगावकडे द्राक्षांच्या विरळणीला जाणाऱ्या बायकांना दिवसभर मांडवाखाली मान वर करून घड पाहावे लागतात. त्या वाकत मुळीच नाहीत, आणि तरी त्यांच्या मानेच्या तक्रारी तुमच्यासारख्याच असतात. मान खाली झुकली की वर उचलली यापेक्षा ती एकाच जागी किती वेळ आणि किती आवळून धरली, याला अधिक महत्त्व आहे.

इथे माझी एक चूक कबूल करते. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत मीदेखील ‘ताठ बसा’ असे सांगत असे. इतकेच नव्हे तर तशा छापील चिठ्ठ्या रुग्णांना टेबलावर चिकटवायला देत असे. कापडदुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या एका बाईंनी माझे शब्दशः ऐकले. तीन महिन्यांनी त्या आल्या तेव्हा मान होती तशीच होती आणि आता कंबरही धरली होती. त्यांना माझ्यासमोर बसायला सांगितले. त्यांनी छाती पुढे काढली, बरगड्या वर उचलल्या, कमरेत खोल बाक आणला आणि श्वास रोखला. ‘ताठ’ या शब्दाचा अर्थ त्यांच्या शरीराने असा लावला होता. त्या चिठ्ठ्या मी त्याच आठवड्यात रद्दीत दिल्या.

ताठ होऊ पाहणाऱ्याचे असे का होते, याचा फार बारकाईने विचार एका नटाने केला होता. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या आपल्या गावात त्याची गोष्ट मी आवडीने सांगते. फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर हा १८६९ मध्ये टास्मानियात जन्मलेला रंगमंचावर काव्यवाचन करणारा कलावंत होता. कार्यक्रमात त्याचा आवाज बसू लागला. विश्रांती घेतली की आवाज परत येई आणि मंचावर गेला की पुन्हा जाई. तेव्हा त्याने तर्क केला की दोष घशात नसून आपण बोलताना जे काही करतो त्यात असला पाहिजे. आरशांसमोर उभे राहून त्याने स्वतःला न्याहाळले. वाचन सुरू करताच आपण डोके मागे खेचतो, स्वरयंत्र दाबतो आणि तोंडाने धापेसारखा श्वास ओढतो, हे त्याला दिसले. पुढचा शोध त्याहून मोलाचा होता. डोके मागे न खेचण्याचा निश्चय करून तो बोलला, आपण खेचले नाही असे त्याला खात्रीने वाटले, आणि आरशात पाहतो तर डोके मागेच! जी सवय मुरलेली असते ती आपल्याला सरळच वाटते. त्यामुळे ‘मी आता नीट बसलो आहे’ ही तुमची जाणीव तुम्ही पुरावा म्हणून धरू नये.

अलेक्झांडरच्या पद्धतीचे शिक्षक आपल्या भागात सहजी मिळत नाहीत आणि मी स्वतः त्या पद्धतीची प्रमाणित शिक्षिका नाही, हेही सांगायला हवे. तथापि २०१५ मध्ये इंग्लंडमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिच्यात जुनाट मानदुखीचे ५१७ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांबरोबर या पद्धतीचे एकेकट्याने धडे घेतलेल्यांना वर्षअखेरीस केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक आराम होता. हा फरक चमत्कार म्हणावा एवढा नव्हता, पण टिकणारा होता. या पद्धतीतले जे तत्त्व घरी वापरता येते, ते मी माझ्या कामात वापरते.

तुमचा आरसा म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या हातातला मोबाइल. त्यांना सांगा की तुम्ही कामात गढलेले असताना, न कळवता, बाजूने दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्यावा. कळवून घेतला तर तुम्ही ताठ व्हाल आणि पुरावा बिघडेल. तो पाहताना पाठीकडे पाहू नका, हनुवटीकडे पाहा. मी पैजेने सांगते की पडद्यावरचा आकडा वाचताना हनुवटी पुढे सरकून वर उचललेली दिसेल.

याचे कारण तुमचा चष्मा. बायफोकलमध्ये जवळचे वाचण्याची काच खालच्या भागात असते. पुस्तक खाली असते, म्हणून तेथे ती सोयीची पडते. पडदा मात्र समोर असतो. त्यावरचे बारीक आकडे खालच्या काचेतून पाहायचे तर हनुवटी उचलण्यावाचून गत्यंतर नाही. तुम्ही मॉनिटर दोन बॉक्स फाइलींवर चढवलात, म्हणजे हनुवटी आणखी उचलावी लागली. पडदा डोळ्यांच्या पातळीवर हवा, हा सल्ला सर्वसाधारणपणे ठीक आहे, परंतु बायफोकलवाल्यांसाठी तो उलटतो. आता पट्ट्याचा विचार करा. खांदे मागे बांधलेले, हनुवटी वर आणि डोके मागे कललेले, अशा अवस्थेत कवटीच्या तळाशी असलेले लहान लहान स्नायू दिवसभर आखडून राहतात. शरीराची स्थिती टिपणारी संवेदनाग्रे या स्नायूंत फार दाट असतात आणि तिथला ताण डोक्यात जाणवतो. तुमचे संध्याकाळचे जड डोके बहुधा तिथून येत असावे. दुखण्याची सुरुवात आणि चष्म्याची सुरुवात यांच्या तारखा एकदा ताडून पाहा. त्या जुळल्या नाहीत तर माझा तर्क कच्चा समजावा, पण मग रात्री दात खाण्याकडे अधिक लक्ष द्यावे लागेल.

नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन तुमच्या पडद्याचे नेमके अंतर टेपने मोजून सांगा आणि केवळ संगणकासाठी एकाच नंबरचा चष्मा करून मिळेल का, ते विचारा. हा खर्च पट्ट्यापेक्षा सार्थकी लागेल.

आता जागरूकतेच्या सरावाकडे वळते. पहिला आठवडा काहीही सुधारायचे नाही, हा माझा नियम ऐकून रुग्ण नाराज होतात. फक्त पाहायचे. दिवसातून शंभर वेळा पाहू म्हटले की चौथ्या दिवशी सुटते, म्हणून मी घडणाऱ्याच तीन गोष्टींना ते बांधून देते. तुमच्यासाठी फोनची घंटी, पाण्याची बाटली आणि दुचाकीवरचा सिग्नल निवडेन. घंटी वाजली की हात पुढे जाण्याआधी एक घंटी जाऊ द्या. त्या दोन-तीन सेकंदांत काय झाले ते पाहा: खांदा कानाकडे गेला का, श्वास थांबला का, दात एकमेकांवर टेकले का. पलीकडे व्यापारी असो की शेतकरी, दुसऱ्या घंटीला फोन घेतल्याने कोणाचा सौदा मोडत नाही. अलेक्झांडरनेही हेच सांगितले की सवय कामाच्या आरंभीच अंगात शिरते, म्हणून आरंभापूर्वी क्षणभर थांबावे.

माउस धरलेल्या हातावरून तुम्हाला हे सर्वांत लवकर कळेल. आत्ता हे वाचताना माउस किंवा मोबाइल जसा धरला आहे तसाच ठेवा. करंगळी हवेत उचललेली आहे का? मनगट टेबलावर टेकले आहे की अधांतरी आहे? आता पकड मुद्दाम थोडी आवळा, मग निम्मी सोडा, मग उरलेल्यातली निम्मी सोडा. माउस हातातून निसटत नाही. म्हणजे एवढा वेळ जे बळ लावले होते, त्यातले बरेचसे कामासाठी लागतच नव्हते. शिकागोच्या एडमंड जेकबसन या वैद्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्नायू आवळून सोडण्याची जी पद्धत रूढ केली, तिचा गाभाही हाच आहे: अगदी थोडा ताणसुद्धा ओळखता येणे. बोटांत हे एकदा कळले की खांद्यात ओळखणे सोपे जाते.

जबड्याचे तसेच आहे. ओठ मिटलेले असले तरी वरचे आणि खालचे दात एकमेकांना लागलेले नसावेत. विसाव्याच्या अवस्थेत त्यांच्यात दोन ते चार मिलिमीटरची फट असते. बेरीज जुळेना की दिवसा दात आवळणारे बरेच जण रात्रीही दात खातात. दिवसाची सवय पाण्याच्या बाटलीबरोबर पाहता येते: घोट गिळला की दात सुटे झाले का, एवढेच तपासा. रात्रीच्या दात खाण्यासाठी दंतवैद्यांना मात्र दाखवाच, कारण तेथे निव्वळ लक्ष देऊन भागत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून बसण्याचा आधार शोधा. दोन्ही तळहात मांड्यांच्या मागे, बुडाखाली सरकवून बसा. दोन टणक हाडे हाताला लागतील. हीच बैठकीची हाडे. त्यांच्यावर किंचित पुढे-मागे डोला. मागे गेलात की पाठीचे पोक निघते, फार पुढे गेलात की कंबर कमानते, आणि मध्ये एक जागा अशी येते की पाठ फारशी न धरताही उभी राहते. तिथे क्षणभर थांबा, मग खुशाल सरका, टेका, पाय बदला. आणखी एक समज सुधारला तर उपयोग होतो. डोके मानेवर नेमके कोठे बसते, असे विचारले की बहुतेक जण हनुवटीखाली हात नेतात. प्रत्यक्षात तो सांधा बराच वर, साधारण दोन्ही कानांच्या पातळीवर आत असतो. तिथून अगदी बारीक, दुसऱ्याला दिसणार नाही एवढी मान हलवून ‘हो’ म्हणा. कवटीच्या तळाचे स्नायू त्या बारीक होकाराने सुटतात, मोठी मान डोलावून सुटत नाहीत.

रोज एकदा, शक्यतो पेढीवरून घरी आल्यावर, सतरंजीवर उताणे झोपून गुडघे वर घ्या, तळपाय जमिनीवर ठेवा, हात पोटावर ठेवा आणि डोक्याखाली उशीऐवजी दोन-तीन वह्या घ्या. हनुवटी छताकडे जाऊ नये आणि घशावर दाबूही नये, एवढी उंची असावी. जुन्या खतावण्या असतील तर याहून चांगला उपयोग नाही. डोळे उघडे ठेवून दहा ते पंधरा मिनिटे पडून राहा. यात करायचे काही नाही; जमिनीवर आपला कोणता भाग टेकला आणि कोणता अजून उचललेला आहे, हे पाहायचे. पहिल्या चार दिवसांत डुलकी लागली तर लागू द्या.

दुचाकीबद्दल थोडेच लिहिते. विश्रामबागेच्या गर्दीत किंवा पावसात हँडल आवळणे स्वाभाविक आहे, ते टाळा असे मी म्हणणार नाही. सिग्नलला थांबलात की कोपरे सैल सोडा आणि एक श्वास लांब सोडा, तेवढे पुरे.

पट्टा एकदम फेकून देऊ नका, पण दिवसभर घालूही नका. दिवसात पंधरा-वीस मिनिटे, आठवण म्हणून, आणि दोन आठवड्यांनी बंद.

जागरूकतेने सगळे होते, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. स्नायू कमकुवत असेल तर तो सैल सोडता येऊनही लवकर थकतो. रबरी पट्टा दाराला अडकवून वल्हे मारल्यासारखा ओढणे, आठवड्यातून तीन दिवस, आणि कृष्णेच्या घाटावरून अर्धा तास चालणे, ही भर मी प्रत्येकाला घालते. शिवाय कोणत्याही आदर्श बैठकीत तासन्‌तास राहू नये. वीस-तीस मिनिटांनी उठण्यासाठी प्रिंटर टेबलापासून चार पावले दूर ठेवला तरी काम होते.

काळाचा अंदाज विचाराल तर तो ऋतूवर अवलंबून आहे. नवी हळद यार्डात येऊ लागली आणि त्यात मार्चअखेर आली की तुमचे कामाचे तास वाढतात, झोप घटते, मालकांचा आवाज चढतो आणि त्याबरोबर तुमचे खांदेही चढतात. त्या दिवसांत दुखणे थोडे उसळले तर उपाय फसला असे समजू नये. माझ्या अनुभवात सहा ते आठ आठवड्यांत दुखण्याची वेळ चारवरून सहाकडे सरकते, मग काही दिवस दुखतच नाही, मग पुन्हा एखादा वाईट दिवस येतो. तीव्रतेपेक्षा वहीत ही वेळ लिहून ठेवा. बदल आधी तिच्यात दिसतो. सहा आठवड्यांत ती अजिबात सरकली नाही, तर प्रत्यक्ष तपासून घ्यावे लागेल.

उद्या सकाळी पेढीवर गेल्यावर मात्र बाकी काही करण्याआधी मॉनिटरखालच्या त्या दोन बॉक्स फाइली काढा आणि हनुवटी न उचलता शेवटच्या ओळीतला आकडा वाचता येतो का, ते पाहून इथे कळवा.